लंडनचा खुनी आणि सनदमधली मांजरं

त्या हिवाळ्यात आमच्या घरी रोज जेवणाच्या टेबलावर खून व्हायचा. मारणारा लंडनचा, मरणाऱ्या बायका लंडनच्या, आणि तोंडात घास ठेवून सगळं रंगवून सांगणारी माझी मुलगी. ती अकरावीत होती. मानसशास्त्राच्या बाईंनी वर्गाला प्रोजेक्ट दिलं होतं: कधीच न उलगडलेलं एखादं प्रकरण घ्या आणि गुन्हेगाराच्या मनात काय असेल याबद्दल लोकांनी केलेले तर्क मांडा. बाकीच्या मुलांनी हरवलेली विमानं, चोरीला गेलेली चित्रं असं काहीतरी सभ्य निवडलं. आमच्या बाईसाहेबांनी जुन्या राणीच्या राज्यातल्या लंडनमधला तो माणूस निवडला, ज्यानं व्हाइटचॅपलच्या गल्ल्यांत गरीब बायकांचे गळे चिरले, पोटं फाडली आणि जो शेवटपर्यंत सापडला नाही.

"जेवताना नको गं," मी म्हणायची.

"मम्मा, इट्स हिस्टरी," ती म्हणायची.

बहारीनमध्ये वाढलेल्या आमच्या सगळ्याच मुलांचं असं आहे. मराठी कळतं सगळं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मी तिचं बोलणं इथे बहुतेक मराठीतच लिहिते आहे, कारण माझ्या डोक्यात ते मराठीतच राहिलं.

आम्ही दोघं वसईचे, बहारीनमध्ये सनद नावाच्या वस्तीत राहतो. मी एका खासगी क्लिनिकमध्ये विम्याच्या डेस्कवर बसते. नवरा राजधानी मनामातल्या एका हॉटेलच्या बुचरीत, म्हणजे पाहुणे जे मटण आणि मासे खातात ते शेफकडे जायच्या आधी जिथे कापून, साफ करून तयार होतं तिथे. शिफ्ट उजाडायच्या आधी सुरू होते आणि दुपारनंतर संपते, त्यामुळे रात्री मुलीला ट्यूशनहून आणायचं काम बापाकडे. स्वभावानं इतका थंड माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मी तापले की हा कांदा चिरायला घेतो. सुऱ्या त्याच्या स्वतःच्या, कापडी गुंडाळीत बांधलेल्या, आणि आठवड्याच्या सुट्टीला त्या घरी येतात. मग गॅलरीत दगडावर पाणी टाकून तो धार लावत बसतो आणि मुलगी शेजारी अभ्यास करते. मधूनमधून तो सफरचंदाची फोड कापून सुरीच्या टोकावर तिच्यापुढे धरतो आणि ती पुस्तकातून मान वर न करता ती उचलून खाते. लहान होती तेव्हापासून चाललंय हे.

तर ते तर्क. एक डॉक्टरचा. शरीरात काय कुठे असतं हे त्या खुन्याला माहीत होतं, म्हणून तो शस्त्रक्रिया करणारा असणार. कुणी म्हणे तो अवयव विकायला काढायचा, कुणी म्हणे त्याला अशाच एखाद्या बाईकडून रोग लागला होता आणि तो सूड उगवत होता. मग धर्मवेड्याचा, जो रस्त्यांवरचं पाप साफ करायला निघाला होता. राजघराण्यातलं काहीतरी झाकायचं होतं, असाही एक होता. तो मुलीला मुळीच पटत नव्हता, पण स्लाइड झकास होत होती म्हणून तिनं ठेवला. सुईणीचा मला नवीन होता. रक्ताळलेल्या कपड्यांनी पहाटे घरी परतणाऱ्या सुईणीकडे कोण संशयानं बघणार? खाटकाचंही तसंच. चामड्याचं ॲप्रन घालणाऱ्या एका कारागिरामागे तर अख्खी वस्ती हात धुऊन लागली होती. आणि परदेशी माणसं. बोटीवरचे खलाशी, आपापले देश सोडून तिथे आलेले गरीब ज्यू, ज्यांची भाषा शेजाऱ्यांना कळत नव्हती ते सगळेच.

"इंग्लिश माणूस असलं काही करूच शकत नाही, असं लोक म्हणायचे," मुलगी म्हणाली.

"म्हणजे आपल्यासारख्यांवर आलं," मी म्हटलं. ती हसली. मीही हसले.

शेवटचा तर्क असा होता की हेतू काही नव्हताच. तो तिला आवडत नव्हता, त्यात मांडण्यासारखं काही नाही म्हणे. मलाही नाही आवडला. माझ्या डेस्कवर कारणाचा रकाना रिकामा ठेवलेला एकही कागद पुढे सरकत नाही. माणसाला साधा खोकला झाला तरी कशामुळे ते लिहावं लागतं. त्या बायकांबद्दल तर्क आहेत का, त्या तिथे कशा येऊन पडल्या याबद्दल, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्यावर मार्क नाहीत."

नवरा हे सगळं ऐकत असायचा. इंग्रजी त्याला कामापुरतं येतं, पण लेक बोलते आहे म्हटल्यावर तो कुठल्याही भाषेत ऐकेल. एक दिवस डॉक्टरच्या तर्काला त्यानं हात घातला.

"डॉक्टर कशाला पायजे गो बाय? रोजचं काम असलं की अंधारात पण हाताला समजतं. डोळे लागत नाय."

मुलगी खूश झाली. तिनं ते वाक्य इंग्रजीत करून स्लाइडवर टाकलं आणि खाली लिहिलं, 'माझे वडील, हॉटेल बुचर.' वर्गात म्हणे टाळ्या पडल्या. त्या वर्गातली दोन-तीन मुलं आमच्याच सनदमधली होती. आम्हाला त्यात काळजी करण्यासारखं काही दिसलं नाही. बापानं ती स्लाइड मोबाइलवर मागून घेतली आणि हॉटेलात दाखवली.

नाताळ जवळ आला होता. आमच्याकडे नाताळ म्हणजे इंद्याल, आणि इंद्याल म्हणजे डुकराचं मांस. इथे ते मिळतं, ठरावीक सुपरमार्केटमध्ये, मागच्या बाजूला वेगळ्या खोलीत. आणायला बंदी नाही, शिजवायलाही नाही. पण आमचा घरमालक बहारीनी, तळमजल्यावर राहतो, पाच वेळा नमाज पढणारा माणूस, रमजानमध्ये आमच्याकडे गहू-मटणाच्या हरीसचा वाडगा पाठवणारा. त्याच्या डोक्यावर बसून आपण ते शिजवायचं म्हणजे आम्हालाच कसंतरी वाटतं. म्हणून इथल्या वसईकरांनी आपापले नियम करून घेतले आहेत. आमचे असे की किचनच्या खिडकीला वर्तमानपत्र लावायचं, दाराच्या फटीत ओला टॉवेल घालायचा, आणि हाडं-चरबी काळ्या पिशवीत घालून ती दुसऱ्या काळ्या पिशवीत बांधायची. ती पिशवी इमारतीच्या कचराकुंडीत टाकायची नाही. नवरा ती जिन्यानं खाली नेतो, लिफ्टनं नाही, आणि मोकळ्या प्लॉटपलीकडच्या मोठ्या कुंडीत टाकून येतो. हे सगळं आमच्यावर कुणी लादलेलं नव्हतं. आम्ही याला मान राखणं म्हणतो.

पहिलं मांजर समोरच्या फ्लॅटमधल्या पुण्याच्या बाईंना दिसलं. त्या बँकेत आहेत, सकाळी चालायला जातात. मोकळ्या प्लॉटपलीकडच्या त्याच मोठ्या कुंडीपाशी ते पडलं होतं, पोट फाडलेलं. त्यांनी फोटो काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकला. मी क्लिनिकमध्ये डबा उघडला होता, तो तसाच बंद केला. पुढच्या आठवड्यात दुसरं सापडलं, मग आणखी. आमच्या इमारतीत मलयाळी, पाकिस्तानी, फिलिपिनो, आम्ही आणि पुण्याच्या बाई असा सगळा मेळा आहे. एरवी पार्किंगवरून भांडणारा तो ग्रुप एका रात्रीत गुप्तहेर झाला.

कुणी म्हणालं जादूटोणा. कुणी म्हणालं एखादा माथेफिरू हात बसवतो आहे, आज मांजर, उद्या मूल. मागच्या गल्लीत खोल्या करून राहणारे एकटे कामगार आहेत, त्यांच्यातलाच कुणीतरी असेल, असं बऱ्याच जणांना वाटलं. घरमालकाचा कुणी शत्रू असेल, असंही आलं. मग पुण्याच्या बाईंनी लिहिलं, कापणं फार सफाईदार आहे, हे सुरीत तरबेज असलेल्या माणसाचं काम आहे. आधी परका, मग सुरीवाला. हेच दोन संशय महिनाभर मी जेवताना ऐकत होते, आणि आता ते आमच्या जिन्यातून वर चढत होते.

ग्रुपवर आमचं नाव कुणी काढलं नाही. पुण्याच्या बाई मात्र लिफ्टमध्ये भेटल्या आणि म्हणाल्या, "तुमचे मिस्टर बुचरीतच आहेत ना हो? त्यांना विचारा ना, असं कोण करू शकेल?"

"विचारते," मी म्हटलं. लिफ्ट आमच्या मजल्यावर येईपर्यंत आम्ही दोघी दाराकडे बघत उभ्या होत्या.

मग व्हिडिओ आला. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यातला. टोपी डोक्यावर ओढलेला एक माणूस हातात काळी पिशवी घेऊन मोकळ्या प्लॉटकडे जातो आणि थोड्या वेळानं रिकाम्या हातानं परत येतो. चेहरा दिसत नाही. खाली प्रश्नांचा पाऊस. हा कोण? आपल्याकडचा वाटतो का? पोलिसांना द्यायचा का?

मी त्याला पहिल्या दोन पावलांत ओळखलं. हॉटेलच्या शीतगृहात घसरून पडल्यापासून नवरा डाव्या पायावर जरा झुकून चालतो. त्या पिशवीत काय होतं तेही मला माहीत होतं, किंवा मला तसं वाटलं. आता ग्रुपवर काय लिहू? हा माझा नवरा आणि पिशवीत डुकराची हाडं, असं? घरमालक त्या ग्रुपवर होता. इतकी वर्षं दाराच्या फटीत टॉवेल घालून जे झाकलं ते सगळ्या इमारतीसमोर मांडायचं? मी टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. शेवटी फोन उपडा ठेवला. दोन दिवसांत लोक विसरतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मुलीनंही तो व्हिडिओ पाहिला होता, वर्गातल्या मुलांच्या ग्रुपवर. मला ते कळलं तिच्या वागण्यावरून. गुरुवारी तिनं सांगितलं की आजपासून ती ट्यूशनहून मैत्रिणीच्या गाडीतून येईल. टेबलावरचे खून बंद झाले. जेवताना ती खाली मान घालून भराभर जेवायची आणि खोलीत जायची. आणि मग तिच्या दाराची आतली कडी वाजायची. आमच्या घरात बाथरूम सोडून कुठल्याही दाराला कधी कडी लागली नव्हती. पहिल्या दिवशी तो आवाज झाला तेव्हा नवरा पाणी पीत होता. त्यानं ग्लास खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि परत उचलला.

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर तो गॅलरीत धार लावायला बसला. ती सोफ्यावर होती. त्यानं सफरचंद कापलं आणि सवयीनं सुरीच्या टोकावर फोड धरून तिच्यापुढे केली. ती मागे सरली. फार नाही, जरासंच, पण पाठ सोफ्याला टेकेपर्यंत.

"नॉट हंग्री," ती म्हणाली.

त्यानं थोडा वेळ हात तसाच धरला. मग ती फोड स्वतःच्या तोंडात घातली, सुऱ्या कापडात गुंडाळल्या आणि गुंडाळी आत नेऊन कपाटावर ठेवली. मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली, इतका राग आला. आणि लगेच भीतीही वाटली, पोलिसांची, हॉटेलची, व्हिसाची नव्हे, तर हीच की ही पोर बापाला कायमची घाबरून बसेल. बाकी सगळं गेलं असतं तर आम्ही वसईला जाऊन पुन्हा उभे राहिलो असतो. हे गेलं तर कुठून आणायचं?

तो खाली गाडी धुवायला गेला तेव्हा मी तिच्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं.

"तो व्हिडिओतला पप्पाच आहे," मी म्हटलं. "आणि पिशवीत इंद्यालचा कचरा होता. आपण दर वर्षी असाच नेतो. लोकांना सांगता येत नाही म्हणून मी गप्प आहे. कळलं?"

मला वाटलं, आता ती सुटकेचा श्वास सोडेल. तिनं फोन उचलला, व्हिडिओ काढला आणि त्याच्या कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं.

"मम्मा, पोर्क आपण याच्यानंतर आणलं. आय वॉज विथ यू."

खरंच की. गेल्या शनिवारी मी आणि ती दोघी गेलो होतो सुपरमार्केटला, तिनंच ट्रॉली ढकलली होती. व्हिडिओ त्याच्या आधीचा होता. ज्या आधारावर मी इतके दिवस उभी होते तो माझ्या मुलीनं एका बोटानं काढून घेतला. मी पलंगावर बसले.

"मग काय होतं त्यात?" तिनं विचारलं. आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता.

त्या काही क्षणांत माझ्या डोक्यात जे जे येऊन गेलं ते मी इथे लिहिणार नाही.

तो वर आला तेव्हा मी त्याला किचनमध्ये गाठलं आणि सरळ विचारलं. तो शांतपणे हात पुसत म्हणाला, "माशांची डोकी. आतडी. मार्केटमधून मासे आणून घरी साफ करतो ना मी, ते मांजरांना घालतो. इमारतीत घालू नका म्हणून मालकानं बोर्ड लावलाय, म्हणून तिकडं."

"मला कधी बोलला नाहीस."

"त्यात बोलायचं काय?"

मी विश्वास ठेवला. तो मांजरांना घालतो हे त्याच्यात बसणारं होतं. त्यानं मासे साफ करताना डोकी बाजूला ठेवलेली मी पाहिली होती, रश्श्याला असतील म्हणून सोडून दिलं होतं. विश्वास ठेवला, पण त्यासाठी मला थोडा वेळ लागला, आणि तो माझ्याकडे बघत होता. त्याला ते कळलंच असेल.

जेवायला बसलो. वाढून झालं. त्यानं जेवायला सुरुवात केली नाही. ताटाच्या कडेला हात ठेवून तो मुलीला म्हणाला, "बाय, हॉटेलात पण आलाय तो व्हिडिओ. माझ्या डिपार्टमेंटच्या लोकांनी मला ओळखला, हसले. तू पण ओळखला ना?"

ती ताटातला भात चिवडत राहिली.

"मग सांग. एवढ्या थिअरी केल्यास तू त्या लंडनवाल्याच्या. मी कशासाठी केलं असंल? माझी थिअरी काय?"

"अरे, काय हे," मी म्हटलं.

"नाय, सांगू दे तिला."

मला वाटलं ती रडेल किंवा उठून जाईल. पण ती माझीच मुलगी. तिनं मान वर केली आणि बापाच्या डोळ्यांत बघितलं. घाबरली होती, पण ती बोलली. आणि नवल म्हणजे मराठीत बोलली, अडखळत, एकेक शब्द शोधत.

"तू कधीच चिडत नाहीस. मम्मा ओरडते, तू हसतोस. सगळे तुला काहीपण बोलतात, तू हसतोस. ते सगळं कुठे जातं? कुठेतरी जाणार ना?" तिनं पाण्याचा ग्लास बाजूला केला. "मी तुला बघितलंय. गाडीत."

"कधी?"

"रोज. माझ्या खिडकीतून. तू हॉटेलातून येतोस, पार्क करतोस, आणि वर येत नाहीस. काचा बंद करून ओरडतोस. स्टिअरिंगला मारतोस. आवाज येत नाही, फक्त तोंड दिसतं. मग तोंड पुसतोस आणि वर येतोस. आणि मला विचारतोस, बाय, शाळा कशी झाली."

या माणसाशी लग्न करून अठरा वर्षं झाली आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. ट्रॅफिक असेल, असं समजून मी चहाचं पाणी उशिरा ठेवायला शिकले होते.

त्यानं ताट जरा पुढे सारलं. मग म्हणाला, "नवा शेफ आलाय. पोरगा हाय, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. कापलेला माल पसंत पडला नाय तर ट्रे जमिनीवर टाकतो. सगळ्यांसमोर. मग मला बोलतो, उचल, म्हाताऱ्या." तो हे अगदी सपाट आवाजात सांगत होता. "मी उचलतो. व्हिसा त्यांचा हाय. तुझी बारावी व्हायचीय."

मी त्याच्या ग्लासात पाणी ओतलं.

"तुझी थिअरी बरोबर हाय, बाय," तो म्हणाला. "सगळी बरोबर हाय. पण मांजरं मी मारली नाय."

"ओके," ती म्हणाली. आणि खोलीत गेली. मी कान देऊन ऐकलं. कडी वाजली.

पुढच्या दिवसांत बाहेरचं वादळ आपोआप विरलं. मी घरमालकाकडे गेले आणि धीर करून सगळं सांगितलं, माशांची डोकी, काळी पिशवी, आणि एकदा तोंड उघडलंच होतं म्हणून इंद्यालही. तो हसला. "मालूम है सिस्टर, हर साल मालूम है. मफी मुश्किल," म्हणाला, म्हणजे काही अडचण नाही. इतक्या वर्षांचा माझा टॉवेल फुकट गेला. त्यानंच बलदियाच्या लोकांना बोलावलं. नगरपालिकेची ती माणसं कुंडीभोवती फिरली आणि म्हणाली, भटक्या कुत्र्यांचं काम असेल. माशांच्या वासानं मांजरं तिथे जमायची आणि मांजरांमागे कुत्री. त्यांनी पिंजरे लावले. पुण्याच्या बाईंना ते पटलं नाही, कुत्रा इतकं सरळ कापत नाही म्हणाल्या. नक्की काय ते कुणालाच कळलं नाही. नंतर मांजर सापडलं नाही, एवढं खरं. ग्रुप पुन्हा पार्किंगवर आला. नवऱ्यानं डोकी नेणं सोडून दिलं.

घरात मात्र कडी वाजतच राहिली. तो हसत राहिला, कांदे चिरत राहिला, आणि आता त्याचं ते हसणं मला सहन होत नव्हतं. तो हसला की मी त्याच्या हातांकडे बघायची.

नाताळच्या आधीच्या एका संध्याकाळी मी मुलीच्या खोलीत कपडे ठेवायला गेले होते. मगरिबची अजान चालू होती, रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते. ती खिडकीशी उभी होती. मी मागे जाऊन उभी राहिले आणि पहिल्यांदाच मलाही दिसलं. खाली आमची गाडी, बंद काचा, आणि आत तो. चेहरा मला अनोळखी वाटला. मान ताणलेली, तोंड उघडं, दोन्ही मुठी स्टिअरिंगवर आपटत होत्या. गाडी हलत होती. आवाज अजिबात नाही.

"रोज असंच?" मी विचारलं.

तिनं पायांत चपला सरकवल्या आणि ती बाहेर गेली. मला वाटलं पाणी प्यायला गेली असेल. मग फ्लॅटचं दार वाजलं आणि थोड्या वेळानं ती मला खाली पार्किंगमध्ये दिसली, घरातल्याच टी-शर्टमध्ये, थंडीत हात काखेत घालून गाडीच्या दिशेनं चालणारी. त्याचं लक्ष नव्हतं. त्याच्या मुठी अजून आपटत होत्या. तिनं शेजारच्या सीटचं दार उघडलं, आत बसली आणि दार ओढून घेतलं.

मला ओरडून तिला परत बोलवायचं होतं. माझा हात खिडकीच्या काचेवर गेला होता. माझ्या नवऱ्याजवळ माझी मुलगी बसली होती, आणि जी त्याला घाबरते म्हणून मला राग आला होता, तिच्यासाठी आता मीच त्याला घाबरत होते.